हिस्सा सरकारचा, नोकरी कंपनीची

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. २०२० मध्ये सुट्या भागांच्या कारखान्यातली माझी नोकरी गेली, तेव्हापासून मिळेल ते काम करतो. मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. बारावीला ७४ टक्के होते. मंदीत सरकारं खासगी कंपन्यांचे शेअर घेऊन त्यांना वाचवतात, यावर तिने कॉलेजात प्रकल्प केला आणि आता त्यातच पुढे शिकायचं म्हणते. आम्ही ठरवलंय की तिने बँकेची परीक्षा द्यायची. मी पहाटे साडेपाचला उठवून रीझनिंग सोडवायला बसवतो, रात्री नऊनंतर मोबाइल माझ्याकडे. तिचा मामा म्हणतो, व्होडाफोन आयडिया आता निम्मी सरकारी झाली, तिथे चिकटली तरी सरकारी नोकरीच. हल्ली ती फारशी बोलत नाही, ताट घेऊन खोलीत जाते. कोणता क्लास लावावा?

उत्तर : क्लासचं नंतर पाहू. ती ताट घेऊन खोलीत जाते, हे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. पत्राची सुरुवात तिथून व्हायला हवी होती. वीस वर्षांची मुलगी घरात गप्प होते, तेव्हा आपलं कुणी ऐकणार नाही हे तिने बहुतेक वेळा धरून चाललेलं असतं. पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ आहे, मामांचं मत आहे, तिच्या वाट्याला मात्र अर्धंच वाक्य आलंय. आज रात्रीपासून मोबाइल तिच्याकडे राहू द्या आणि पहाटे उठवणं बंद करा. सज्ञान मुलीवर असा पहारा ठेवून अभ्यास होत नाही, फक्त तुमच्यासमोर पुस्तक उघडं राहतं. दोन आठवड्यांत तिचं बोलणं, जेवण, झोप पूर्ववत झाली नाही, तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे.

तुमची भीती मला कळते. मंदीत स्वतःची नोकरी गेलेल्या माणसाला लेकीची नोकरी तरी पक्की असावी असं वाटणारच. पण एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कंपन्या मंदीत का कोलमडतात, कोणाला वाचवलं जातं आणि त्याची किंमत कोण मोजतं, नेमका हाच विषय तिने निवडलाय. तो तिला पाठ्यपुस्तकात सापडला असेल असं मला वाटत नाही. २०२० मध्ये ती शाळेत होती आणि घरात काय चाललंय ते पाहत होती. तेव्हा या विषयावर बोलायला तुमच्याइतकं जवळचं माणूस तिला दुसरं कोण आहे? एकदा तिचा प्रकल्प मागून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. तो न वाचता तुम्ही तिच्या पुढच्या तीस वर्षांचा निर्णय घेऊन टाकलाय, हे मला मान्य नाही.

आता मामांचा मुद्दा. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. व्होडाफोन आयडियाकडे स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइल लहरी वापरण्याच्या हक्काचे, आणि इतर सरकारी पैसे थकले होते. ते रोखीने घेण्याऐवजी सरकारने २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटी रुपयांचे शेअर घेतले, दोन्ही वेळा १० रुपये दराने. त्यातून सरकारचा वाटा ४८.९९ टक्क्यांवर गेला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २(४५) नुसार सरकारी कंपनी ठरायला किमान ५१ टक्के भागभांडवल सरकारकडे असावं लागतं. इथे आकडा त्याच्या अलीकडेच थांबलाय. त्यामुळे सरकार सगळ्यांत मोठं भागधारक झालं, तरी कारभार प्रवर्तकांकडेच राहिला; सरकारी वेतनश्रेणी नाही, सरकारी भरतीचे नियम नाहीत. आयडीबीआय बँकेचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. एलआयसीने ५१ टक्के वाटा घेतला, उरलेला बहुतेक केंद्र सरकारचा होता, तरी जानेवारी २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने तिला खासगी बँकांच्या गटात टाकलं. आणि सरकार मालक झालं की नोकऱ्या वाचतात, हेही खरं नाही. तळेगावात जिचा कारखाना होता त्या जनरल मोटर्सचे ६०.८ टक्के शेअर २००९ मध्ये अमेरिकी सरकारकडे आले. त्याच फेररचनेत पाँटिॲक, सॅटर्न आणि हमर ही नावं बंद झाली, कारखाने बंद झाले, हजारो माणसं घरी गेली. सरकारने पैसे घातले ते कंपनी चालती राहावी म्हणून.

हे सगळं तुमच्या मुलीला बहुधा माहीत असणार. प्रकल्प पुढे न्यायचा असेल, तर तिने प्रत्येक कंपनीचा एक तक्ता करावा: सरकारने रक्कम किती घातली, ती कर्ज म्हणून, प्रेफरन्स शेअर (ज्यांना लाभांश आधी मिळतो ते) म्हणून की साध्या शेअरमध्ये, दर काय, टक्का किती, मधल्या काळात लाभांश किती आला, आणि सरकार कधी, कोणत्या भावाने बाहेर पडलं. विद्यार्थी चुकतात ते शेवटच्या रकान्यात. ब्रिटनने लॉइड्स बँकेत २०.३ अब्ज पौंड घातले आणि २०१७ पर्यंत २१.२ अब्ज परत मिळवले. बातमीत तो नफा होता. पण आठ वर्षांत मिळून साडेचार टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम अर्धा टक्का पडतो, आणि तेवढी वर्षं पैसा अडकून राहिला त्याची किंमत यात धरलेलीच नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडमध्ये दुसरा सापळा आहे. खरेदीचा सरासरी भाव कुठे ५० पेन्स दिसतो, कुठे ५०२, कारण २०१२ मध्ये दहा शेअरचा एक शेअर केला गेला. हे न जुळवता २०१५ मधल्या ३३० पेन्सच्या विक्रीशी तुलना केली, तर तोट्याच्या जागी घसघशीत नफा दिसतो. प्रत्यक्षात सरकारने घातलेल्या ४५.५ अब्ज पौंडांपैकी सुमारे ३५ अब्जच परत आले आणि शेवटचा शेअर विकायला मे २०२५ उजाडला.

येस बँक तिने यात जरूर घ्यावी. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेने १० रुपये दराने ६,०५० कोटी घातले आणि २०२५ मध्ये त्यातला काही वाटा जपानी बँकेला २१.५० रुपयांनी विकला. पण वाचवतानाच ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की रद्द होऊ शकणारे रोखे, शून्य झाले. ठेवीदारांचे पैसे राहिले, रोखेधारकांचे गेले. कोणाचे पैसे आधी बुडतात, ही उतरंड ज्याला कळते, त्याला या क्षेत्रात काम आहे: बँकांचे थकीत कर्ज विभाग, पतमानांकन संस्था, मूल्यांकन, दिवाळखोरीची प्रकरणं हाताळणाऱ्या फर्म.

मार्ग पुण्यातच आहे. बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी. करता येईल. मात्र बी.ए.ची मुलं तिथे गणित आणि संख्याशास्त्रात अडखळतात, तेव्हा कॅल्क्युलस, संभाव्यता आणि रिग्रेशनची तयारी तिने या सुट्टीतच सुरू करावी. दुसरी उणीव ताळेबंद वाचण्याची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती बहुतेक असते आणि मुलाखतीत लगेच उघडी पडते. कंपनीच्या वार्षिक अहवालातल्या टिपा तिने दर आठवड्याला एक अहवाल याप्रमाणे वाचाव्यात. आकडे खरं बोलतात ते तिथे. व्यवस्थापनाकडे वळायचं ठरलं तर कोंढव्यातली एनआयबीएम ही बँक व्यवस्थापनाची संस्था आहे. पदव्युत्तर पदवीनंतर दिवाळखोरी मंडळाचा दोन वर्षांचा पदवीधर कार्यक्रमही पाहता येईल. सीए हाही रस्ता आहे, पण तो तिला स्वतःला हवा असेल तरच.

बँक पीओ (बँक अधिकारी), रिझर्व्ह बँक ग्रेड बी, यूपीएससीची आयईएस (भारतीय आर्थिक सेवा) या परीक्षा आहेतच. त्यातल्या आयईएससाठी तर अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते. पीओची वयोमर्यादा खुल्या गटात तिशीपर्यंत आहे. दोन वर्षं एम.एस्सी. करूनही तिच्या हातात त्या परीक्षेसाठी सात-आठ वर्षं उरतात. त्यामुळे यंदा कोणताही क्लास लावू नका. फी आधीच भरली असेल, तर ती परत मागा किंवा पुढच्या तुकडीत वळवून घ्या, आणि ते तिच्याशी बोलून ठरवा.