हृदयाला पंप बसवल्यानंतर हिशेब का अडतो?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय 58 आहे. हृदय फारच दुबळे झाल्यामुळे चार महिन्यांपूर्वी मुंबईत त्यांच्या हृदयाच्या डाव्या बाजूला यांत्रिक पंप, म्हणजे एलव्हॅड, बसवण्यात आला. आता धाप लागत नाही, पायांवरची सूजही उतरली आहे. मात्र आमची हापूसची बाग आहे, आणि वाशीच्या दलालाकडून आलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी एका नजरेत तपासणारे हे आता तीच पट्टी पुन्हा पुन्हा वाचतात, हमाली आणि भाडे वजा करताना अडतात आणि वैतागून कागद बाजूला ठेवतात. मशीनमुळे मेंदूवर परिणाम झाला, असे लोक म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, देवगड

उत्तर : शस्त्रक्रियेच्या आधीच्या वर्षभरात ते पट्टी कशी तपासत होते, हे कृपया आठवून पाहा. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्केच असते, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी 15 ते 20 टक्के रक्त त्याला लागते. हृदय दुबळे झाले की हा पुरवठा कमी पडतो आणि लक्ष टिकणे, नवे लक्षात राहणे, दोन-तीन गोष्टी मनात धरून हिशेब करणे ही कामे मंदावतात. घरात मात्र त्याला थकवा किंवा वय असे म्हटले जाते. म्हणून पंपानंतर प्रथमच जाणवलेला विसराळूपणा बहुतेकदा आधीपासूनचा असतो.

त्यात छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया, भूल आणि अतिदक्षता विभागातले दिवस यांची भर पडते. ज्या रुग्णांना पक्षाघात झालेला नाही, त्यांच्यापैकी अनेकांची स्मृती आणि विचारांचा वेग पहिल्या काही महिन्यांत सुधारतो किंवा निदान टिकून राहतो, असे अभ्यासांत दिसले आहे. प्रत्येकाचे सर्व काही परत येते असे नाही, कारण मेंदूला पूर्वी झालेली इजा पंप भरून काढू शकत नाही. तरीही चार महिन्यांत निराश होणे मला घाईचे वाटते.

लोकांच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढेच, की पंपात गुठळी होऊन किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे रक्तस्राव होऊन पक्षाघात होऊ शकतो. चुंबकाच्या आधारे तरंगत फिरणाऱ्या हार्टमेट 3 या पंपाने हा धोका बराच घटवला आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोमेंटम 3 या चाचणीत दोन वर्षांत पक्षाघात झालेल्यांचे प्रमाण जुन्या पंपाच्या गटात सुमारे 19 टक्के होते, तर नव्या पंपाच्या गटात सुमारे 10 टक्के. रक्तदाब आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवणे हाच मेंदूचा बचाव आहे. पावसाळ्यात टाकळा किंवा अळू एकदम भरपूर खाल्ले, की वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. पालेभाजी बंद करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा. हळूहळू जाणवणारा मंदपणा पुढच्या तपासणीपर्यंत थांबू शकतो, पण अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा ते एकाएकी गोंधळले, तर एक तासही दवडू नका.

पुढच्या भेटीत स्मृतीची रीतसर चाचणी मागा आणि ती मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा. परक्या भाषेतील प्रश्नांवर अडखळलेल्या माणसाला विसराळू ठरवणे अन्यायाचे आहे. सोबत हिमोग्लोबिन, बी 12 आणि थायरॉइड तपासून घ्या. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे एमिओडॅरोन हे औषध चालू असल्यास थायरॉइडची तपासणी विशेष गरजेची आहे. झोप आणि मनाची उदासी यांचीही चौकशी व्हायला हवी, कारण उदास माणूस विसराळू वाटू शकतो. मेंदूचा एमआरआय या पंपासह करता येत नाही, सीटी स्कॅन करता येतो.

मला अधिक काळजी वाटते ती पंपाला वीज पुरवणाऱ्या, शरीराबाहेर बाळगायच्या दोन बॅटऱ्यांची. त्या एका वेळी एकच बदलायच्या असतात. दोन्ही एकदम काढल्या तर पंपाचा बाहेरून येणारा वीजपुरवठाच तुटतो. हा क्रम त्यांनी तुमच्यासमोर करून दाखवावा, आणि जराही गोंधळ झाला तर हे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने हाती घ्यावे. क्रम मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून भिंतीवर लावा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हे ध्यानात ठेवून चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या आणि पर्यायी विजेची सोय पावसाआधीच करा.

पट्टी मात्र त्यांच्या हातून काढून घेऊ नका. सकाळी, मन ताजे असताना, एका वेळी एकच पट्टी कागदावर मांडून करू द्या आणि तुम्ही ती नंतर पडताळा.

प्रश्न : माझ्या भावाला असाच पंप बसवला आहे. त्याची नाडी हाताला लागत नाही. मग मेंदूला रक्त पुरेसे जाते का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : होय, जाऊ शकते. हा पंप ठोक्याठोक्याने नव्हे तर अखंड रक्त ढकलतो, त्यामुळे नाडी क्षीण असते किंवा लागतच नाही. घरचे रक्तदाबाचे यंत्रही अनेकदा चुकते. ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या डॉप्लर यंत्राने मोजलेला दाब खरा मानावा. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना हे आजच सांगून ठेवा आणि जिथे पंप बसवला त्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्याकडे द्या, म्हणजे आणीबाणीच्या वेळी केवळ नाडी लागत नाही म्हणून चुकीचा निष्कर्ष काढला जाणार नाही.