ताण आणि ड्रग्ज यांचा मेंदूतल्या डोपामिनवर सारखाच परिणाम होतो का? की शेवटी सगळा मनोनिग्रहाचाच प्रश्न असतो?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग शास्त्राचा आहे. दुसऱ्या अर्ध्यावरून आमच्या घरात गेली काही वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिला भाग आधी उरकते. सारखाच नाही, पण जाऊन पोचतात एकाच ठिकाणी. डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन. निरोप दिल्यावर ते परत शोषून घेणारी प्रथिनं म्हणजे वाहक, कोकेन त्यांना अडवतं. अँफेटामिन त्याच वाहकांना उलटं चालवून डोपामिन बाहेर काढतं. मॉर्फिन, हेरॉइन हे डोपामिनच्या पेशींना आवरून धरणाऱ्या शेजारच्या पेशींना गप्प करतात. ताण येतो तो संप्रेरकांच्या वाटेने. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही उंदरांना कोकेन, मॉर्फिन, निकोटिन किंवा अल्कोहोल दिलं आणि काहींना नुसतं थंड पाण्यात पोहायला लावलं. मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशींवरचे सिनॅप्स, म्हणजे दुसऱ्या पेशींशी असलेले सांधे, दोन्हीकडे सारखेच बळकट झालेले दिसले. मग ताणाच्या संप्रेरकाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते रसायन येऊन बसतं ती जागा) औषधाने बंद केला, तर पोहण्याचा परिणाम थांबला, कोकेनचा थांबला नाही. म्हणजे दारं दोन, खोली एकच.

आता मनोनिग्रह.

माझे बाबा आयुष्यभर हिशेबनीस. पत्त्यांचा डाव मांडला तर हे गुण लिहायला बसणार, स्वतः कधी पैसे लावून खेळले नाहीत. त्यांचे आकडे बारीक बारीक होत चालले तेव्हा आम्हाला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. तो पार्किन्सन्स निघाला, म्हणजे मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार. डॉक्टरांनी तपासताना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं आणि मांडीवर शांत पडलेला हात थरथरायला लागला. डोक्यावर जरा ताण आला की कंप वर येतो, म्हणून ते मुद्दाम तसं करतात. ताण आणि डोपामिन यांचं नातं मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

त्यावरचं प्रॅमिपेक्सोल नावाचं औषध सुरू झालं आणि बाबा खरोखर सुधारले. अक्षर मोठं झालं, चालीत जोर आला. काही महिन्यांनी रात्री त्यांच्या खोलीत मोबाइलचा उजेड दिसू लागला. पैसे लावून पत्ते. एक मुदतठेव मोडलेली निघाली, मग दुसरी. मला सगळ्यात विचित्र वाटायचं ते हे, की जिंकल्यावरही त्यांचा चेहरा कोराच असायचा, लगेच पुढचा डाव. ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते साफ चूक आहे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या संशोधकांनी हवंसं वाटणं आणि आवडणं या गोष्टी वेगळ्या असतात हे १९९० च्या दशकापासून मांडलंय. डोपामिन मुख्यतः पहिल्याशी बांधलेलं आहे. बाबांना खेळ आवडत नव्हता, फक्त हवा होता.

मग घरात बैठक. काकांनी निकाल दिला: ‘दादाचा स्वभाव होताच तसा, इतकी वर्षं हिंमत नव्हती. धाक हवा.’ धाक म्हणजे फोन काढून घेणे आणि रोज संध्याकाळी सगळ्यांसमोर तासभर प्रवचन. प्रवचनाच्या दिवशी बाबांचा हात जास्त थरथरायचा आणि त्याच रात्री ते आईच्या फोनवर खेळताना सापडायचे. मी हे तारखांसकट डायरीत लिहीत गेले.

यात नवल काही नाही. हेरॉइनसाठी कळ दाबणं सोडलेल्या उंदरांना पायाला विजेचे हलके झटके दिले की ते पुन्हा कळ दाबायला लागतात, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलंय. आणि माकडांचा प्रयोग तर काकांना मी छापून दिला होता. २००२ चा आहे. एकेकटी ठेवलेली माकडं चार-चारच्या गटात आणली. जी वरचढ ठरली त्यांच्या मेंदूत डी-२ या प्रकारच्या डोपामिन ग्राहकांचं प्रमाण स्कॅनमध्ये वाढलेलं दिसलं, दबून राहिलेल्यांत तसं वाढलं नाही. पुढे कोकेन समोर ठेवल्यावर दबलेल्यांनी जास्त घेतलं. माणसाला चारचौघांत खाली ओढून व्यसन सुटतं असं मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. काकांनी तो कागद न वाचता परत दिला.

शेवटी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद मी भिंग घेऊन वाचला. ‘जुगाराची अनावर इच्छा’ हा दुष्परिणाम म्हणून छापलेला होता. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, ‘हो, होतं असं काहींना.’ त्या ‘हो’ चा राग मला अजून आहे. २०१० साली पार्किन्सन्सच्या ३,०९० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. जुगार, खरेदी, खाणं, कामवासना यांपैकी काहीतरी आवरेनासं झालेले रुग्ण या प्रकारची औषधं घेणाऱ्यांत सुमारे १७ टक्के होते, न घेणाऱ्यांत ७. सहा जणांत एक! हे पहिल्याच भेटीत सांगायला नको?

कारणही समजण्यासारखं आहे. हे औषध डोपामिनचं सोंग घेऊन ग्राहकांवर बसतं, त्यातही डी-३ या प्रकारावर जास्त. ते ग्राहक हाव आणि बक्षीस सांभाळणाऱ्या भागात भरपूर असतात. पार्किन्सन्समध्ये हालचालीचा भाग कोरडा पडलेला असतो, हा भाग त्या मानाने शाबूत. हाताला पुरेल एवढा डोस इथे जास्त होतो.

डोस हळूहळू उतरवला, लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते औषध, वाढवलं. काही आठवड्यांत खेळणं थांबलं. फोन बाबांच्या हातातच होता.

तुमच्या घरी कोणी असेल तर प्रवचनं आजच बंद करा, पैशांचे व्यवहार त्या माणसाशी बोलून दोघांच्या सहीचे करा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी मनाने बंद करू नका, ती अचानक तोडली तर भयंकर घबराट, नैराश्य येऊ शकतं. आणि मी डॉक्टर नाही. ही गोळी घेणाऱ्या बहुतेकांना असलं काही होत नाही. थोडा, आटोक्यातला ताण डोपामिन वाढवतोही. तीव्र किंवा न संपणारा ताण वेगळा. नशेचं व्यसन गोळी बदलून सुटत नाही हेही खरं, तिथे त्या माणसाचे कष्ट लागतातच. पण कष्ट करायचे त्याच मेंदूने, ज्याची ही अवस्था झालीय.

काका अजून सांगत फिरतात की दादा त्यांच्या धाकाने सुधारला. धाक चालू होता तेव्हा बाबा खेळत होते, डोस उतरल्यावर थांबले. डायरी आहे माझ्याकडे, कधीही येऊन बघा म्हणावं.