प्रवासाची यादी संपतच नाही तेव्हा

‘रस्ता चार-पाच तासांचाच आहे, पण सामान भरायला घेतलं की हातपाय गळतात. काही राहिलं तर?’ कोविडच्या महामारीत हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की त्याचं उत्तर सविस्तर लिहायला हवं असं वाटलं. पुढची हकिगत एका कुटुंबाची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि समुपदेशनाच्या बऱ्याच बैठकांमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

बाईंना नवरा आणि सात वर्षांच्या मुलासह आईकडे जायचं होतं. आई एकट्या राहणाऱ्या, वय झालेलं. गाडी घरची, वाटेत बाहेरचं काही खायचं नाही हेही ठरलेलं. यादी मात्र चार पानांची. सॅनिटायझरच्या सहा बाटल्या होत्या, पण मुलाला गाडी लागते हे त्यांनीच सांगूनही उलटीसाठी पिशवी कुठे लिहिलेली नव्हती.

‘ही सहावी बाटली कोण उघडणार? कधी?’ मी विचारलं.

‘संपल्या तर असावी म्हणून.’

‘पाच तासांत पाच बाटल्या?’

‘नाही संपणार, कळतं मला. पण ती काढली की धडधडायला लागतं.’

‘घाबरू नका’ म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. ‘काही राहिलं तर?’ हा प्रश्न अर्धवट असतो आणि अर्धवट आहे तोवरच तो छळतो. त्याला ‘मग आपण काय करू?’ हा पुढचा भाग जोडला की मन कामाला लागतं. म्हणून चारही पानं बाजूला ठेवायला सांगितली, कोरा कागद दिला आणि म्हटलं, ‘आता वस्तू लिहू नका. गाडी कुठे कुठे थांबेल ते लिहा.’

‘पहिल्यांदा पेट्रोल पंपावर.’ मग स्वतःच म्हणाल्या, ‘पण आदल्या दिवशी टाकी भरली तर तिथे थांबायलाच नको.’

‘पुढे?’

‘स्वच्छतागृह. मास्क तोंडावर असेल. टिश्यू खिशात. बाहेर आल्यावर साबणानं हात. साबण नसला तर सॅनिटायझर.’

‘तो कुठे आहे?’

त्या थांबल्या. ‘डिकीत. सगळ्या बॅगांच्या खाली.’ आणि मग जरा मोठ्यानं, ‘म्हणजे सहा बाटल्या असून हाताशी एकही नाही!’

त्या क्षणी जे उलगडलं ते मला फार मोलाचं वाटतं. भीती वस्तू मोजत बसते. कुठली वस्तू कुठल्या वेळी, कुणाच्या हातात लागेल, इकडे तिचं लक्षच जात नाही. बाईंनी एक बाटली दाराच्या कप्प्यात लिहिली, एक जास्तीची, आणि चार खोडल्या. धडधड झाली का, विचारलं. ‘झाली. पण थांबली.’

खरी गाठ त्यानंतर सुटली. कागदावर शेवटचा थांबा उरला होता : आईचं घर. तिथे पेन अडलं. ‘माझ्यामुळे आईला काही झालं तर?’ चार पानं या एका वाक्याभोवती वाढली होती. हे ओझं कुठल्याच बॅगेत मावणारं नव्हतं, त्याला निर्णयच हवा होता. तो तिथेच लिहिला : तिघांपैकी कुणालाही ताप, खोकला, घसादुखी असेल, वास येत नसेल, तर जायचं नाही. पोचल्यावर खिडक्या उघड्या ठेवायच्या, आईजवळ बसताना मास्क लावायचा. हे आईंना आधीच फोनवर सांगायचं. संसर्ग मुख्यतः श्वासातून, हवेवाटे पसरतो. डब्या-पाकिटांना हात लागून होण्याचा धोका त्यामानानं फारच कमी. हे समजलं की पुसापुशीत जाणारी ताकद योग्य जागी लागते.

मग सामान भरणं सोपं झालं. तुम्हीही असंच करा : आधी थांबे, मग वस्तू.

जेवण कोरडं आणि एकेकाच्या डब्यात वेगळं भरा, म्हणजे एकाच डब्यात सगळ्यांचे हात जात नाहीत. सुका मेवा, बिस्किटं, ब्रेड, अख्खी फळं उत्तम. फळं आदल्या दिवशी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा. साबण किंवा जंतुनाशक त्यांना लावायचं नाही. भात, उकडलेली अंडी, दही यांना जपावं लागतं, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात. असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत. ३२ अंशांपुढे उष्मा असेल तर एकच तास, आणि उन्हात उभी गाडी त्याहून कितीतरी तापते.

आइसबॉक्सची चूक बहुतेक जण एकच करतात : कोमट डबा आत ठेवतात. त्यानं बर्फ वितळतो आणि शेजारचं अन्नही तापतं. डबे रात्रभर फ्रिजमध्ये गार करा. पाण्याच्या बाटल्या वर थोडी जागा सोडून गोठवा. त्या बर्फाचं काम करतात आणि वितळल्यावर प्यायलाही येतात. पेटी गच्च भरा, बर्फ वरच्या बाजूला ठेवा, पेटी डिकीऐवजी आत पायाशी ठेवा. सारखं प्यायचं पाणी वेगळं असू द्या, नाहीतर झाकण दर दहा मिनिटांनी उघडतं. गरम पदार्थ न्यायचा असेल तर थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओता, मग वाफाळता पदार्थ भरा.

सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल हवं. तेलकट किंवा मळक्या हातांवर तो नीट काम करत नाही, म्हणून साबण आणि हात धुण्यापुरती पाण्याची बाटली घ्याच. हात २० सेकंद चोळायचे. मास्क ओला झाला की बदलावा लागतो, तेव्हा माणशी दोन जास्तीचे. वापरलेल्यांसाठी वेगळी पिशवी, उलटीच्या पिशव्या मुलाच्या समोरच्या खिशात.

औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तीची, चिठ्ठीसह आणि हाताशी. इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं की ते वापरता येत नाही. तापमापक आणि क्षारसंजीवनीची (ओआरएस) पाकिटं सोबत असावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून.

शेवटी नवऱ्यानं विचारलं, ‘उरलेल्या अन्नाचं काय?’ पोचल्यावर पेटीत बर्फ शिल्लक असेल आणि डबा हाताला चांगला गार लागत असेल तर तो लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कोमट झाला असेल तर टाकून द्या, वास घेऊन ठरवू नका. बिघडवणारे जंतू वासानं कळतात, आजारी पाडणारे बहुधा कळत नाहीत.