चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे कसं शिकवायचं?

चाळीस मुलांसाठी चाळीस वेगळे पाठ, असं काही डोक्यात असेल तर ते आधी काढून टाका. तसं कुणीच करत नाही, आणि केलंच तर पंधरवड्यात शिक्षकच अंथरूण धरेल. मी गणित शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देते. कोण नेमकं कुठे अडलंय हे कळलं की निम्मं काम होतं, आणि ते गुणांवरून कळत नाही, चुकांवरून कळतं.

४२ मधून १७ वजा करायला सांगा. दोन मुलांनी ३५ लिहिलं, तर आपण दोघांच्या वहीत सारखीच फुली मारतो. पण पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, सातातून दोन आणि चारातून एक. हातचा ही भानगडच त्याला कळलेली नाही. दुसऱ्याने हातचा बरोबर घेतला, बारातून सात काढले, फक्त दशकातला एक कमी करायचा विसरला. पहिल्याला दहा-दहाचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, दुसऱ्याला चार खोडून वर तीन लिहायची सवय लावली की बहुतेक वेळा भागतं. दोघांना वेगळं ओळखायचं असेल तर ४२ वजा १९ घाला. पहिला ३७ लिहील, दुसरा ३३. ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्येच वजाबाकीतल्या अशा चुकांची बारकाईने छाननी केली होती. मुलं बऱ्याचदा वाटेल तसं चुकत नाहीत, एखादा चुकीचा नियम इमानेइतबारे पाळत असतात.

बरोबर उत्तरही फसवतं. ०.३५ आणि ०.८ यांत मोठं कोणतं, यावर काही मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. काही मुलं ०.८ असं बरोबर सांगतात, पण त्यांचा नियम असतो ‘जितके अंक कमी तितकी संख्या मोठी’. त्यांना ०.४ आणि ०.७५ विचारा, लगेच उघडं पडतं. म्हणून प्रश्न निवडण्यातच शिक्षकाचं खरं कसब आहे, असं मला वाटतं.

रोजच्या धबडग्यात हे बसवायचं कसं? तास संपताना दोन गणितं फळ्यावर लिहायची, मुलांनी चिठ्ठीवर सोडवून द्यायची. त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करायचे: समजलंय, एका पायरीवर अडलंय, मुळातच कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पंधरा-वीस मिनिटं या ढिगांप्रमाणे गट, मग पुन्हा सगळा वर्ग एकत्र. हे गट त्या घटकापुरतेच ठेवा. अपूर्णांकात रडणारं मूल भूमितीत पुढे असू शकतं. गट कायमचे केले तर त्यांना फुलांची नावं द्या नाहीतर नद्यांची, ‘ढ’ कोणते हे मुलांना आठवड्याभरात कळतंच.

गटांत ध्येय एकच असावं, मदत कमी-जास्त. नवख्याला पूर्ण सोडवलेली उदाहरणं द्या, मग शेवटची पायरी रिकामी ठेवलेली, मग शेवटच्या दोन. ज्याला आधीच येतंय त्याला मात्र अशी सोडवलेली उदाहरणं अडथळाच ठरतात, हे कालुगा, स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं आहे. तेव्हा आधार कधी काढायचा यावर लक्ष हवं. हुशार मुलांना तशीच आणखी वीस गणितं देऊ नका, ती शिक्षाच झाली. ‘हातचा घ्यावा लागेल आणि उत्तर २५ येईल अशा वजाबाक्या बनव’ असं सांगा. आणि त्यांना रोज दुसऱ्यांना शिकवायला बसवू नका, तीही शिकायलाच आलेली असतात.

मुलांचे ‘बघून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’ असे प्रकार पाडणारे फॉर्म मी भरून घेत नाही. २००८ मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा प्रकारांनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. नकाशा सगळ्यांनीच बघायचा असतो आणि उच्चार सगळ्यांनीच ऐकायचा. ज्याला फळा नीट दिसत नाही किंवा वाचायला फार वेळ लागतो, त्याची गोष्ट वेगळी. त्याला शाब्दिक गणित वाचून दाखवा, नाहीतर तुम्ही गणिताऐवजी त्याचं वाचनच तपासत बसाल.

सुरुवात एकाच वर्गात, एकाच घटकापासून करा. चिठ्ठ्या घरी नेऊ नका, मधल्या सुट्टीत ढीग लावून होतात.