जँगोमध्ये नोंदींचे फक्त आयडी मिळवताना

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये आपल्याला डेटाबेसमधील नोंदींचे केवळ आयडी हवे असतील, तर सर्व नोंदी मागवून लूपमध्ये प्रत्येकीचा आयडी यादीत घालू नये. कारण तसे केल्यास डेटाबेस प्रत्येक ओळीतील सगळे कॉलम पाठवतो आणि जँगो प्रत्येक ओळीसाठी मॉडेलचा पूर्ण ऑब्जेक्ट तयार करतो. त्याऐवजी क्वेरीसेटवर (डेटाबेसकडून कोणत्या नोंदी हव्यात ते सांगणाऱ्या जँगोच्या ऑब्जेक्टवर) ‘व्हॅल्यूज लिस्ट’ ही मेथड वापरून तिला प्रायमरी कीचे (नोंद ओळखणाऱ्या कॉलमचे) नाव द्यावे आणि ‘फ्लॅट’ ट्रू ठेवावे, म्हणजे एकेका घटकाच्या टपलऐवजी सरळ आयडी हाती येतात.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हे आयडी दुसऱ्या क्वेरीत ‘इन’ फिल्टरसाठीच (दिलेल्या आयडींच्याच नोंदी निवडण्यासाठी) लागणार असतील, तर त्यांची पायथॉनमध्ये यादी करूच नये. क्वेरीसेट तसाच फिल्टरला दिला की जँगो त्याची सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) बनवतो आणि सारे काम डेटाबेसमध्ये एकाच फेरीत होते. मोठी यादी पाठवल्यास मर्यादाही आड येते: एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ३.३२ आवृत्तीपूर्वी एका क्वेरीत डीफॉल्टनुसार ९९९ पॅरामीटरच (क्वेरीला दिलेली मूल्ये) चालत.

मात्र नोंदी आधीच मेमरीत आल्या असतील, तर ‘व्हॅल्यूज लिस्ट’ नवी क्वेरी पाठवते. तेथे साधे लिस्ट कॉम्प्रिहेन्शनच (एका ओळीत यादी बनवण्याची पायथॉनची पद्धत) योग्य. तसेच ऑर्डरवरून ग्राहकाचा आयडी हवा असेल, तर ग्राहकाचा ऑब्जेक्ट न उघडता ऑर्डरवरचेच ‘कस्टमर अंडरस्कोर आयडी’ हे फील्ड वाचावे, अन्यथा प्रत्येक ऑर्डरमागे एक जादा क्वेरी जाऊ शकते.