पॉलिनेशियन कल्चरल सेंटर: शाकाहारी आईबाबा आणि सहा वर्षांचा मुलगा घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न असा की हवाईत होनोलुलूच्या वायकिकी बीचला उतरताय, सोबत आईबाबा (शुद्ध शाकाहारी) आणि सहा वर्षांचा मुलगा, तर त्याच बेटावरच्या लाईए गावातल्या पॉलिनेशियन कल्चरल सेंटरला (पॅसिफिकमधल्या बेटांची गावं उभारून तिथलं जगणं, नाच दाखवणारं पार्क) अख्खा दिवस द्यावा का, की नुसताच टुरिस्टी तमाशा आहे. माझं मत, जा, पण तिथलं सगळं बघायच्या फंदात पडू नका.

टुरिस्टी आहेच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मॉर्मन चर्चचं (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) सेंटर आहे, 1963 पासून चालू, शेजारीच त्यांची युनिव्हर्सिटी आणि तिथली मुलंमुली इथे काम करून फी भागवतात. त्याच्याही आधी, 1948 मध्ये, गावातलं जळालेलं प्रार्थनाघर परत बांधायला पैसे हवे होते म्हणून लोकांनी हुकिलाऊ सुरू केलं, म्हणजे आपल्याकडे मालवणला रापण ओढतात अगदी तसंच सगळ्या गावाने मिळून किनाऱ्यावर जाळं ओढायचं, आणि मग पाहुण्यांना जेवण नि नाच. तेव्हा पैशासाठी कार्यक्रम करणं ही तिथली मूळचीच गोष्ट आहे. खऱ्या जुन्या वस्तू बघायच्या असतील तर होनोलुलूत बिशप म्युझियम आहे, 1889 चं, तिथे वेगळा अर्धा दिवस काढा.

आत हवाई, सामोआ, टोंगा, ताहिती, फिजी आणि आओतेआरोआ (म्हणजे न्यूझीलंडचे माओरी) अशी सहा गावं उभारलीत. फिजी खरं तर पॉलिनेशियात नाही, शेजारच्या मेलानेशिया बेटांत मोडतं, पण असो. लोक काय करतात, तिकिटाचे पैसे वसूल करायला सहाच्या सहा गावं पळत बघतात आणि संध्याकाळपर्यंत म्हातारी माणसं आणि पोरं दोन्ही रडकुंडीला येतात. तीन निवडा. सामोआ नक्की. तिथला मुलगा विनोद करत करत जमिनीत रोवलेल्या टोकदार काठीवर नारळ आपटून तीन-चार हिसक्यांत सोलतो, मग हातात फिरवत फिरवत मधोमध दगडाने टकटक करतो की बरोब्बर दोन वाट्या. मग चक्क बसून खवायची खवणी काढतो! आमच्या सासूबाई तोवर कंटाळलेल्या होत्या, खवणी बघून एकदम पुढे सरकल्या. खवलेलं खोबरं त्याने नारळाच्याच काथ्यात गुंडाळून पिळलं आणि दूध काढलं, त्यावर बाई म्हणाल्या, "बघा, फडकासुद्धा धुवायला नको." कार्यक्रम संपल्यावर लगेच उठू नका, ही पोरं मोकळी असली की छान बोलतात, घर कुठल्या बेटावर, काय शिकतात, विचारा. आम्हाला सगळ्यात जास्त तेच आवडलं.

दुसरं टोंगा, ढोल आणि प्रेक्षकांतल्या पुरुषांना पकडून स्टेजवर नेतात, तुमच्या बाबांना आवडत नसेल तर मागे बसा. तिसरं आओतेआरोआ, पण हाकाच्या (माओरींचा युद्धनाच) वेळी डोळे वटारून जीभ बाहेर काढून ओरडतात, मुलाला आधी सांगून ठेवा. मधे मधे भुरभुर पाऊस येतोच, तो किनारा वाऱ्याच्या बाजूचा आहे, छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरे, आणि डासांचं क्रीम विसरू नका.

आता जेवण. लुआउ म्हणजे हवाईची मेजवानी, तिचं बुफे म्हणजे मुख्यतः जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, चिकन, मासे. आईबाबांसाठी लुआउचं पॅकेज घेऊ नका, पैसे वाया. तसंही तिथे दारू मिळत नाही, त्यामुळे त्या आशेवर कोणी असेल तर त्यालाही सांगून टाका. बाहेर हुकिलाऊ मार्केटप्लेस आहे, तिथे आत जायला तिकीट लागत नाही, पण मी तर थेपले आणि दशम्या बरोबर घेऊनच निघते. पोई मात्र सगळ्यांनी चाखा, ते अळूच्या कंदाचंच असतं, उकडून कुटून पाणी घालून केलेलं, राखाडी-जांभळट, आणि शिळं झालं की आंबतं. माझ्या मुलाने थुंकलं, सासऱ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. हाउपिया म्हणजे नारळाच्या दुधाची वडी, ती घरातल्या सगळ्यांना चालली.

रात्रीचा शो मोठा, दीडेक तास, शेवटी सामोअन पोरं पेटते सुरे फिरवतात. मुलाला दुपारी गाडीत झोपवलं नाहीत तर नेमका तेव्हाच तो झोपणार. आतमध्ये फोटो-व्हिडिओ काढू देत नाहीत. शो नको असेल तर नुसत्या गावांचं तिकीट मिळतं, सहा वर्षांच्या मुलाबरोबर मी तेच घेईन आणि अंधार पडायच्या आत निघेन, कारण वायकिकी तिथून तासा-सव्वातासाचं आणि कामेहामेहा हायवे बराचसा एकेका लेनचा, दिवे कमी. रविवारी बंद असतं, बुधवारीही सहसा, आणि गावं दुपारी उघडतात, म्हणून सकाळी तिकडे धावू नका, वाटेत एखाद्या बीचवर थांबा. बाकी वेळा बदलत असतात, बुक करताना त्यांच्या साइटवर बघून घ्या.