कर्दळ, जीकलबाई आणि माझा चष्मा

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही सहज लिहून गेलात, 'जीकलबाई कर्दळीला मधोमध मानानं बसवत.' या बाई कोण? आमच्याकडे कर्दळ मोरीच्या पाण्यावर वाढते, तिला कसला आलाय मान? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! तुमच्या मोरीवर जी बाराही महिने फोफावते, तिचे कंद इंग्लंडात थंडीपूर्वी उकरून आत ठेवावे लागतात, नाहीतर सडतात. एवढी उस्तवार करायची म्हटल्यावर मान मिळणारच.

गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) या इंग्लंडातल्या बागलेखिका. शिक्षण चित्रकलेचं. सरे परगण्यात आईच्या घरासमोर त्यांनी १८८३ साली १५ एकर जागा घेतली आणि आधी बाग केली. घर नंतर, तेही १८९७ मध्ये पुरं झालं! (आपल्याकडे आधी पार्किंग आखतात.) हे घर बांधलं तरुण एडविन लट्यन्स यांनी. पुढे नवी दिल्लीतलं व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, ज्यांनी आखलं तेच हे. दोघांनी मिळून कितीतरी घरं-बागा केल्या : भिंती-पायऱ्या त्यांच्या, फुलं बाईंची.

आता तुमची कर्दळ. बाईंच्या बागेत फुलझाडांचा एक पट्टा होता, सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद. दोन्ही टोकांना राखाडी पानं, निळी, पांढरी, फिकट पिवळी फुलं. मध्याकडे यावं तसा रंग तापत जायचा : पिवळा, नारिंगी, आणि ऐन मध्यावर लालभडक. तिथे डेलिया आणि आपली कर्दळ. पुढे चालत गेलं की रंग पुन्हा निवत जाणार. लाल-केशरी पाहून डोळा भरला की त्याला निळ्याची ओढ लागते, हे त्यांचं निरीक्षण. चित्रकाराचा डोळा असा कामाला येतो.

मी हे पुण्यातल्या अकरा फुटी गॅलरीत करून पाहिलंय. निळं पिंप अर्धं कापून त्यात लाल कर्दळ मधे, शेजारी झेंडू, आणि कडेला गोकर्ण. पिंपाला भोकं पाडताना हात सढळ झाला. खालच्या वहिनींच्या वाळवणावर पाणी गेलं आणि महिनाभर आमचं बोलणं बंद! तेव्हा खाली थाळी ठेवा.

जीकलबाईंची आणखी एक युक्ती मी रोज वापरते. पट्ट्यात एखादं झाड फुलून संपलं की त्या खिंडारात बाई लिलीची नाहीतर हायड्रेंजियाची भरलेली कुंडी आणून ठेवत. बघणाऱ्याला वाटावं, इथेच उगवलंय. ही लबाडी मला फार आवडते.

प्रश्न : वय ६८. नजर अधू झाली, कीड लागलेली कळत नाही. कुंड्या सुनेला देऊन टाकू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सुनेनं मागितल्यात का? नाही ना? मग राहू द्या.

जीकलबाईंची नजर लहानपणापासून कमजोर आणि उत्तरोत्तर आणखी कमी होत गेली. १८९१ मध्ये जर्मनीतल्या एका नेत्रतज्ज्ञानं त्यांना बजावलं, चित्रं आणि भरतकाम बंद करा. बारीक काम हातून गेलं, आणि मग बाई बागेत आणि लेखनात पूर्ण उतरल्या. पहिलं पुस्तक १८९९ साली आलं, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यातले फोटोही स्वतः काढलेले. त्यानंतर डझनावर पुस्तकं आणि नियतकालिकांतून हजारावर लेख. लांबचं धूसर दिसणाऱ्या बाईंनी रंगांचे मोठे ढग मांडले, यात मला तरी नवल वाटत नाही. माझा चष्मा उणे नऊचा आहे. चष्मा काढून गॅलरी बघितली की फुलं जातात आणि रंग तेवढे उरतात. कुठे काय चुकलंय ते तेव्हा लख्ख कळतं.

किडीचं म्हणाल तर बोटांनी बघा. पानाखालून बोट फिरवा : चिकट लागलं तर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली तरी तेच, त्या त्या चिकट्यासाठीच येतात. पाण्यासाठी मातीत बोट दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी.

प्रश्न : मला बागेवर लिहायचं आहे. कुठला कोर्स करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोर्स जरूर करा, पण आधी वही घाला. तारीख, काय लावलं, कधी मेलं. मी सुरुवातीला ऐकीव माहितीवर लिहिलं होतं की चहाचा चोथा थेट कुंडीत घाला. चोथ्यात साखर असते, तो धुऊन घ्या, हे लिहायचं राहिलं. अकरा पत्रं आली, सगळ्यांत मुंग्या! तेव्हापासून स्वतः एक मोसम केल्याशिवाय लिहीत नाही. जीकलबाईंचे बागेत वापरायचे बूट तर चित्रात आहेत. चित्रकार विल्यम निकल्सन १९२० मध्ये त्यांचं व्यक्तिचित्र करायला गेले, तर दिवसाउजेडी बसायला बाईंना फुरसत नाही. मग तेवढ्या वेळात त्यांनी बुटांचं चित्र काढलं.

प्रश्न : जास्वंदीच्या कळ्या न उमलताच गळतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कुंडी सारखी हलवताय का? वर लिहिलेली कुंड्या फिरवायची लबाडी जास्वंदीवर करू नका, जागा बदलली की ती रुसते. एके जागी उन्हात ठेवा, पाण्याची वेळ ठरवा, आणि कळीच्या देठाशी पांढरा कापूस दिसला तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा.